दासबोधाचा नित्यपाठ, गुरुचरित्राचा सप्ताह आणि आईच्या कादंबऱ्या: ई-रीडर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील सत्तरीच्या पुढे आहेत. ते रोज सकाळी दासबोधाचा एक समास वाचतात आणि दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह करतात. आई वाचनालयातून कादंबऱ्या आणते. दोघांनाही आता बारीक छपाई जड जाते. अमेरिकेतला भाऊ येताना ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र, आणायचे म्हणतो. तुमच्या दोन शंका आहेत: त्यावर मराठी नीट दिसेल का, आणि पोथी यंत्रावर वाचणे योग्य होईल का. मी मराठी पुस्तकांच्या डिजिटल आवृत्त्या तयार करण्याचे काम बरीच वर्षे करतो आणि त्यात संतवाङ्मयाचा भाग मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही 'कोणता ई-रीडर' असेही विचारले आहे. माझ्या अनुभवात यंत्राची निवड ही या प्रश्नातली सोपी बाजू असते. वडिलांना ज्या पाठाची सवय आहे तोच पाठ, शुद्ध आणि ओवीला शोभेल अशा मांडणीत त्या यंत्रावर मिळेल का, हा खरा प्रश्न आहे. तो सुटला तर मधल्या किमतीचे यंत्रही समाधान देते. तो सुटला नाही तर सर्वांत महाग यंत्रसुद्धा महिन्याभरात कपाटात जाते.

बाकी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. बारीक अक्षर जड जाण्याचे कारण केवळ चष्म्याचा नंबर आहे, मोतीबिंदू आहे की डोळ्यांच्या पडद्याचा काही विकार आहे, हे नेत्रतज्ज्ञांकडून आधी कळायला हवे. ई-रीडर अक्षर मोठे करून देतो, पण धूसर दिसण्यावर त्याचा उपाय चालत नाही. दुसरे म्हणजे तुमच्या घरातले सोवळे-ओवळे किती काटेकोर आहे, हे तुम्हालाच ठाऊक. तिसरे म्हणजे यंत्रात पुस्तके भरण्याचे काम घरात कोण करणार, हे आधी ठरले पाहिजे, कारण या वयातल्या वाचकांनी ते स्वतः करावे अशी अपेक्षा बहुधा फोल ठरते.

पडद्याविषयी. ई-रीडरचा पडदा (त्याला ई-इंक म्हणतात) मोबाइलच्या पडद्यापेक्षा मुळातच वेगळा असतो. त्यात अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये पांढरे आणि काळे विद्युतभारित कण असतात. पान उलटले की विद्युतदाबाने ते वरखाली होतात आणि नंतर तसेच स्थिर राहतात. त्यामुळे वीज प्रामुख्याने पान बदलतानाच लागते आणि एकदा चार्ज केलेले यंत्र काही आठवडे चालू शकते. आतला दिवा मागून डोळ्यांत प्रकाश टाकत नाही, तर कडेकडून पडद्याच्या पृष्ठभागावर टाकतो. दिवसा खिडकीजवळ बसले तर तो लावावाच लागत नाही. पहाटे वाचणाऱ्यांसाठी प्रकाशाला पिवळसर छटा देता येणारे यंत्र घ्यावे. मोबाइलवर पोथी वाचून डोळे थकल्याची तक्रार करणाऱ्या अनेकांना या पडद्यावर तासभर सहज वाचता येते, हे मी पाहिले आहे.

आता मुख्य विषय, म्हणजे फाइल. महाजालावर दासबोध, ज्ञानेश्वरी, गाथा सर्व काही मिळते, पण त्यातले बरेचसे पीडीएफ स्वरूपात असते. पीडीएफ म्हणजे पानाचे गोठवलेले चित्र. सहा इंची पडद्याची रुंदी जेमतेम नऊ सेंटिमीटर असते. त्यावर मोठ्या आकाराचे छापील पान बसवले की अक्षर मूळ पोथीपेक्षाही बारीक होते, आणि मोठे करायला गेले की प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. 'ई-रीडर घेतला पण उपयोग झाला नाही' असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यावर पीडीएफ वाचलेल्या असतात. तुम्हाला ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपातली, युनिकोडमध्ये (कोणत्याही यंत्रावर अक्षरे तीच राहतील अशा प्रमाण संकेतात) टंकलिखित केलेली फाइल हवी. तिच्यात वाचकाने अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) केलेल्या फायलींपासून मात्र सावध राहावे. त्यांत मराठी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात दुसरीच चिन्हे साठवलेली असतात, त्यामुळे त्या ईपबमध्ये बदलल्या की पानभर अर्थहीन खुणा उमटतात.

युनिकोड फाइल मिळाली तरी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे जोडाक्षरे. मी कोणत्याही नव्या यंत्रावर पहिल्यांदा वाङ्मय, तऱ्हा, सद्बुद्धी, उद्ध्वस्त, हृदय, दृष्टी असे शब्द असलेले एक पान उघडतो. त्यात 'तऱ्हा'मधला अर्धा र तुटला, 'ङ्म' सुटा पडला किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर बसली, तर ते यंत्र किंवा तो टंक बाद करतो. किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरवर मराठी बऱ्यापैकी नीट दिसते, आणि किंडल व कोबो या दोन्ही ई-रीडरांत आपल्या पसंतीचा टंक घालता येतो. तिरो देवनागरी मराठी आणि मुक्ता हे दोन्ही टंक विनामूल्य मिळतात. जाड आणि स्पष्ट वळणाचा म्हणून ज्येष्ठांसाठी मी बहुधा मुक्ता निवडतो. फाइलमध्ये पुस्तकाची भाषा 'मराठी' अशीच नोंदवलेली असावी, नाहीतर काही टंकांत ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात. ज्यांचे डोळे आयुष्यभर पोथीच्या वळणाला सरावले आहेत त्यांना हे लगेच खटकते.

दुसरी गोष्ट पाठाची, आणि ती अधिक गंभीर आहे. महाजालावरच्या प्रतींत अनुस्वार गाळलेले असतात. 'येथें', 'केलें' अशी जुनी रूपे कोणीतरी 'सुधारून' आधुनिक केलेली असतात. कधी एखादी ओवीच गळलेली असते. कादंबरीत असे दोष वाचक सोसून घेतो, पण ज्यांना समासच्या समास मुखोद्गत आहेत ते अशा एका ठिकाणी अडखळले की यंत्रावरचा त्यांचा विश्वास उडतो, आणि ते योग्यच आहे. यासाठी मी एक साधी पद्धत वापरतो. प्रत्येक समासाच्या शेवटच्या ओवीचा क्रमांक घरातल्या छापील प्रतीशी ताडून पाहतो. दासबोधाचे दशक वीस आणि समास दोनशे, त्यामुळे हे काम दोन-तीन बैठकांत होते. क्रमांक जुळला म्हणजे निदान ओव्या गळलेल्या नाहीत एवढी खात्री होते. नंतर वडिलांच्या आवडीचे पाच-सहा समास कोणीतरी शब्दशः पडताळावेत. गाथा वाचणाऱ्यांनी तर अधिक जपावे, कारण तुकोबांच्या अभंगांची संख्या आणि क्रम वेगवेगळ्या प्रतींत वेगळे आहेत. अभंगाचा क्रमांक सांगून शोधायची सवय असेल तर नेमकी तीच प्रत हवी.

मांडणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुस्तके तयार करणारेसुद्धा याकडे दुर्लक्ष करतात. ओवीला चार चरण असतात. पोथीचे पान आडवे आणि रुंद असते, त्यामुळे मोठ्या टाइपातही ओवीचा निम्मा भाग एका ओळीत मावतो आणि वाचणाऱ्याचा श्वास दंडापाशी, म्हणजे उभ्या रेघेपाशी, थांबतो. ई-रीडरच्या उभ्या अरुंद पडद्यावर मोठे अक्षर केले की ओळ भलतीकडेच तुटते. चरणाचा शेवटचा शब्द एकटा खाली येतो, पाठोपाठ लगेच पुढचा चरण सुरू होतो आणि वाचनाची लय बिघडते. मोठ्याने वाचणाऱ्यांना तर हे फारच जाचते. म्हणून मी ओवीचा प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीत घेतो, ओळ तुटलीच तर तिचा उरलेला भाग थोडा आत सरकलेला दिसेल अशी व्यवस्था करतो, आणि एक ओवी दोन पानांत विभागू देत नाही. असे केल्याने एका पानावर तीन-चारच ओव्या मावतात आणि साधारण तीस-चाळीस ओव्यांच्या समासाला दहाएक वेळा पान उलटावे लागते. त्याची तक्रार मी अजून कोणाकडून ऐकलेली नाही.

यावरून पडद्याचा आकार ठरतो. तुमच्या वडिलांसाठी सहा इंची यंत्र मी सुचवणार नाही. सात इंची पडदा उभा धरला तर रुंदी साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास मिळते, आणि आडवा केला तर चौदा सेंटिमीटर. आडव्या पडद्यावर पोथीच्या पानाचीच ठेवण येते आणि निम्मी ओवी एका ओळीत मोठ्या अक्षरातही बसते. किंडल पेपरव्हाइटची सध्याची आवृत्ती सात इंची आहे. कोबो लिब्रा हेही सात इंची यंत्र आहे, आणि त्याला पान उलटण्यासाठी खरी बटणे आहेत. ज्यांची बोटे थरथरतात किंवा ज्यांची त्वचा कोरडी असल्याने स्पर्श नीट लागत नाही, त्यांना बटणांचा मोठा आधार वाटतो. दहा इंची यंत्रे वाचायला सुखद असतात, पण हातात धरून वाचायला जड पडतात. घरात व्यासपीठ किंवा चौरंग असेल तरच त्यांचा विचार करावा.

पोथी यंत्रावर वाचणे योग्य का, यावर अधिकाराने बोलणारा मी नव्हे. तुमच्या घराण्याचे गुरुजी किंवा ज्यांच्याकडून वडिलांनी नेम घेतला ते जे सांगतील ते मानावे. व्यवहारात मी जे पाहिले तेवढे सांगतो. रोजचा समास, हरिपाठ, मनाचे श्लोक असे नित्यवाचन यंत्रावर करायला बहुतेकांना अडचण वाटत नाही. संकल्प करून, ग्रंथाची पूजा करून जे पारायण होते त्याचे तसे नाही. तिथे ग्रंथ हा केवळ मजकूर नसतो. त्याला गंध-फूल वाहिले जाते, तो चौरंगावर वस्त्रावर ठेवला जातो. यंत्राच्या पडद्यावर हळद-कुंकू, अक्षता आणि ओल्या हाताचा स्पर्श चालत नाही. पाण्याचा थेंब पडला तरी पडदा त्याला बोटाचा स्पर्श समजून पान उलटू शकतो. काही घरांत पूजेला छापील पोथी मांडतात आणि प्रत्यक्ष वाचन शेजारी ठेवलेल्या यंत्रावरून करतात. मला ही तडजोड समंजस वाटते, पण ती वडिलांनी स्वतःहून स्वीकारली तरच. मुलांनी ती त्यांच्या गळी उतरवू नये.

सप्ताह यंत्रावर करायचे ठरलेच, तर अनुक्रमणिका घरच्या परंपरेप्रमाणे करून घ्यावी. गुरुचरित्राच्या सात दिवसांची वाटणी सर्वत्र एकसारखी नसते. काही घरांत रोजचा विराम ७, १८, २८, ३४, ३७, ४३ आणि ५१ या अध्यायांवर असतो, तर काही घरांत ९, २१, २९, ३५, ३८, ४३ आणि ५३ वर. ईपबच्या अनुक्रमणिकेत 'पहिला दिवस', 'दुसरा दिवस' असे विभाग करता येतात, आणि मग वडिलांना अध्याय शोधत बसावे लागत नाही.

यंत्राच्या काही बारीकसारीक व्यवस्था नित्यपाठासाठी आवर्जून कराव्यात. आवरण कातड्याचे घेऊ नये. सोवळ्यात त्याला हात लावता येत नाही आणि भेट देताना ही गोष्ट हमखास विसरली जाते, म्हणून कापडी किंवा रेक्झिनचे घ्यावे. अमेरिकेत किंडलचा एक स्वस्त प्रकार मिळतो, ज्यात यंत्र झोपेत असताना पडद्यावर जाहिराती दिसतात. देवघरात ते विचित्र वाटेल, तेव्हा भावाला जाहिरातींशिवायचे यंत्र घ्यायला सांगा. अशा यंत्रात झोपेच्या वेळी चालू पुस्तकाचे मुखपृष्ठ दिसेल अशी सोय करता येते. वाचलेला टक्का आणि उरलेली मिनिटे दाखवणारी खालची ओळ बंद करावी. इतर वाचकांनी अधोरेखित केलेल्या ओळी दाखवण्याची सोयही बंद करावी. पाठ चालू असताना 'या प्रकरणाची सहा मिनिटे उरली' असे डोळ्यांसमोर येणे कोणालाच नको असते. वायफाय एरवी बंद ठेवावे.

आईच्या वाचनाबद्दल कमी लिहितो, कारण ते सोपे आहे. सलग गद्य, म्हणजे कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, हे ई-रीडरवर उत्तम वाचता येते. प्रश्न उपलब्धतेचा आहे. किंडलच्या भारतीय दुकानात २०१६ पासून मराठी पुस्तके आहेत, तरी सर्व प्रकाशकांची सर्व पुस्तके तिथे नाहीत. बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर मराठी ई-पुस्तकांचा साठा मोठा आहे, पण ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असल्याने किंडलवर येत नाहीत. ती हवी असतील तर ॲन्ड्रॉइडवर चालणारा, ॲप टाकता येणारा ई-इंक पडद्याचा ई-रीडर पाहावा लागेल, आणि तो हाताळायला किंचित अवघड असतो. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके विनामूल्य मिळतात, मात्र बहुतांशी पीडीएफमध्ये. मराठी विकिस्रोत या महाजालावरच्या मुक्त ग्रंथालयात स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हा हक्क संपतो, त्यामुळे हरिभाऊ आपटे, साने गुरुजी यांचे साहित्य मुक्त आहे. संतांचा मूळ पाठही मुक्तच आहे, पण अलीकडच्या अभ्यासकाने लिहिलेला 'सार्थ' प्रतीतला अर्थ मुक्त असतोच असे नाही. तो कोणी तसाच महाजालावर टाकला असेल तर तो वापरू नये. खरेदीआधी एक करा. आईने गेल्या वर्षभरात वाचनालयातून आणलेली पुस्तके आठवतील तेवढी लिहून काढा आणि त्यांतली किती ई-पुस्तक म्हणून मिळतात ते शोधा. निम्मी मिळाली तरी यंत्र उपयोगी पडेल. वाचनालयाचे सभासदत्व कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका.

दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्या यांच्यासाठी मात्र ई-रीडर घेऊ नये. अनेक स्तंभ, चित्रे आणि चौकटी असलेले पान या पडद्यावर वाचवत नाही. त्यासाठी टॅबलेटच बरा. एखादा सुटा लेख आवडला तर तो ई-रीडरवर पाठवता येतो आणि नीट दिसतो.

आता माझे स्पष्ट मत. केवळ गुरुचरित्राचा सप्ताह आणि रोजचा समास एवढ्यासाठीच यंत्र घ्यायचे असते, तर मी 'घेऊ नका' म्हटले असते. या ग्रंथांच्या मोठ्या टाइपातल्या छापील प्रती मिळतात आणि ज्यांचे वाचन एक-दोन ग्रंथांत सामावले आहे त्यांना त्या अधिक सुखाच्या होतात. यंत्राची खरी उपयुक्तता वाचन पसरलेले असते तिथे दिसते. तुमच्या घरी आईच्या कादंबऱ्या आहेत, वडील दासबोधाबरोबर अधूनमधून ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवतही चाळतात असे तुम्ही लिहिले आहे, आणि हे जाड ग्रंथ मांडीवर पेलणे आता त्यांना अवघड होत असणार. म्हणून सात इंची एक यंत्र घ्या, ते मुख्यतः आईच्या कादंबऱ्या आणि वडिलांच्या नित्यवाचनासाठी वापरा, आणि सप्ताहासाठी मोठ्या टाइपाची पोथी आणा. दोघांचे अक्षराचे माप वेगळे असेल तर किंडलमध्ये दोन वेगळ्या मांडण्या जतन करून ठेवता येतात. दोघेही रमले तर दुसरे यंत्र वर्षभराने पाहता येईल.

वडिलांना यंत्र देण्याआधी त्यात फक्त एक समास आणि ज्ञानेश्वरीचा एक अध्याय भरा. त्यांच्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या आसनावर, छापील प्रत शेजारी ठेवून आठवडाभर वाचू द्या. अक्षर किती मोठे हवे, पडदा आडवा हवा की उभा, चरण कुठे तुटतो, हे त्या आठवड्यात तेच सांगतील. त्यानंतरच उरलेले ग्रंथ भरावेत.

शेवटी भावाबद्दल. किंडल घेतला तर तो अमेरिकेतून आला तरी तुमच्या भारतातल्या ॲमेझॉन खात्याशी जोडा, म्हणजे इथल्या दुकानातून मराठी पुस्तके भारतीय किमतीत घेता येतील. प्रत्येक किंडलला स्वतःचा एक ई-मेल पत्ता असतो आणि २०२२ पासून त्यावर ईपब फाइल थेट पाठवता येते. मात्र ज्यांचे पत्ते खात्यातल्या मंजूर यादीत असतात त्यांच्याकडूनच ती स्वीकारली जाते. त्या यादीत भावाचा पत्ता घालून ठेवा. आईने फोनवर पुस्तकाचे नाव सांगितले आणि त्याची मुक्त फाइल उपलब्ध असली, तर तो तिथून ती पाठवू शकेल. तुम्ही घरचे वायफाय पाच मिनिटे सुरू केले की पुस्तक यंत्रात उतरेल. दासबोधाची तपासलेली फाइल मात्र संगणकावर वेगळी जपून ठेवा, कारण यंत्र बदलले तरी ती पुन्हा तपासत बसावी लागणार नाही.